शेवटच्या कडव्यातलं नाव

नागपूर
२० जानेवारी २०२५

श्री. बुद्धभूषण कासारे यांस,
जय भीम.

मी नम्रता, गायक कुशाबा गमरे यांची मुलगी. तुमचा फोन नंबर मिळवता आला असता, पण फोनवर माझा आवाज चढला असता. मी ज्या वॉर्डाची इन्चार्ज आहे तिथे दुसऱ्यांना आवाज चढवू नका असं मीच सांगत असते. म्हणून पत्र. बाबांच्या गायन पार्टीचा डिलाईल रोडच्या चाळीतला जुना पत्ता घालते आहे. पोचलं तर पोचलं.

मागच्या आठवड्यात ड्युटी रूममध्ये आमच्या आरोही सिस्टरनं मोबाइलवर एक गाणं लावलं आणि मला हाक मारली, ‘मॅडम, या, तुमच्या वडिलांचं नाव आलं बघा गाण्यात!’ मी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून गेले.

भरल्या मांडवातून उठलं, पाखरू माझं उडालं
सूर अर्ध्यात टाकून गेलं, मागं न वळून पाहिलं

आणि शेवटी,

दारी दिवा लावून बसलो, तेल सरलं, रात सरंना
कुशाबा म्हणे, उडालं पाखरू घराची सय करंना

गाण्याखाली लिहिलंय, ‘गीत, संगीत, गायन : बुद्धभूषण कासारे. पहिला अल्बम, पायरीवरची गाणी.’ वर ‘कुशाबा म्हणे’ आणि खाली तुमचं नाव. यातलं एक काहीतरी खोटं आहे.

ते पाखरू कोण ते मला कुणी समजावून सांगायला नको. जयंतीच्या कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना माझी नेमणुकीची ऑर्डर आली. बाबांच्या पार्टीत दुसरा आवाज माझा होता. मी तालीम अर्धी टाकून नागपूरची गाडी पकडली. निघताना पाया पडले तर बाबा एवढंच म्हणाले, ‘गाडी चुकेल,’ आणि वळून पेटी पुसत बसले. ती पाठ मी इतकी वर्षं बघते आहे. रागावले होते की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. आता दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि उत्तर मला मोबाइलवर मिळालं. तेही वॉर्डातल्या सगळ्यांच्या देखत.

बापलेकीतलं गाणं तुम्हाला कुणी दिलं? आणि दिलं असलं तरी स्वतःच्या नावावर चौकात मांडायचा अधिकार कुणी दिला? मला लेखी उत्तर हवं आहे.

नम्रता गमरे


लालबाग
१४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय नम्रताताई,
सप्रेम जय भीम.

उशिराबद्दल आधी कान पकडतो. आपली चाळ पाडली, तिथे आता टॉवर उभा राहतोय. आमच्या मजल्याची माणसं सगळीकडे पांगली आहेत, मी लालबागला भाड्याच्या खोलीत आहे. पोस्टमन भला माणूस. त्यानं पत्र जगदीशकाकांकडे दिलं, आपल्या पार्टीचे बेंजोवाले. काकांनी ते जपून बेंजोच्या पेटीत ठेवलं आणि विसरले. परवा तार तुटली म्हणून पेटी उघडली तेव्हा तार सापडली नाही, तुमचं पत्र सापडलं.

ताई, मी तुम्हाला ओळखतो. तिसऱ्या माळ्यावरचा भूषण मी. तुम्ही जिन्याच्या पायरीवर पोरांचा कोरस बसवायचात, तेव्हा मागच्या रांगेत मला फक्त तोंड हलवायला सांगितलं होतंत. आवाज काढायची परवानगी नव्हती. कुशाबादादांच्या जलदान विधीला मीच पंगतीत भात वाढत होतो. तुम्ही ‘थोडा कमी’ म्हणालात, मी तरी जास्तच वाढला. तो मी.

आता मुद्द्याचं. अल्बममधली सगळी गाणी माझी आहेत. हेसुद्धा. शब्द माझे, चाल माझी. दादांचं एकही गाणं मी उचललेलं नाही, आणि उचलीन तर ज्या गळ्यानं गातो तो गळा बंद पडो.

मग दादांचं नाव का? तुम्ही पार्टीतल्याच, तरी आठवण देतो. चेल्यानं गाणं बांधलं तरी शेवटच्या कडव्यात नाव उस्तादाचं घालायचं, ही आपल्या पार्टीची रीत. दादांनी स्वतः उमेदीची वर्षं त्यांच्या उस्तादाच्या नावावर गाणी बांधली. मीही सुरुवातीला तेच केलं. हे पाखराचं गाणं मी दादांना ऐकवलं, तेव्हा ते मान हलवत ऐकत होते. शेवटचं कडवं आलं तसा हात वर केला. म्हणाले, ‘गाणं ठेव. पण याच्यात माझं नाव नको.’ मला भरून आलं. उस्तादानं चेल्याला मोकळं केलं, आता स्वतःच्या नावावर बांध म्हणून सांगितलं, असं मी समजलो. तेव्हापासून बाकीच्या गाण्यांत ‘भूषण म्हणे’ आहे. पण दादा गेल्यावर वाटलं, पहिल्या अल्बममध्ये त्यांचं नाव कुठेच नसलं तर मी कसला चेला? ज्या गाण्यात त्यांनी मोठेपणानं नाव नाकारलं, त्यातच ते परत घातलं.

ते पाखरू तुम्ही नाही, ताई. कोण आहे ते मात्र आत्ता सांगत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण या क्षणी माझ्या खोलीत पंख्याखाली बसून कांदाभजी खातंय. एवढ्यावर विश्वास ठेवा.

मोबाइलवर हे एकच गाणं आधी सोडलंय, अख्खा अल्बम जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आपल्या मैदानात निघणार आहे. तुमची परवानगी नसेल तर हे गाणं काढून टाकतो.

तुमचा,
भूषण


नागपूर
२४ फेब्रुवारी २०२५

भूषण,
जय भीम.

तू तो भूषण होय! तुझा आवाज तेव्हा फाटका होता म्हणून गप्प बसवला होता. आता बरा आहे. खरं सांगायचं तर चांगला आहे, पण हे पत्र कौतुकाचं नाही.

गाणं तू बांधलंस यावर विश्वास ठेवते. चोरीचा आळ मागे घेते. पण बाकीचं तू मला गोड बोलून गुंडाळतो आहेस. ‘कोण आहे ते सांगत नाही’ म्हणजे मीच, एवढं मला कळतं. रोज पेशंटच्या नातेवाइकांना मी असंच सांगते, ‘डॉक्टर आल्यावर बोलतील.’

आणि बाबांनी मोठेपणानं नाव नाकारलं म्हणे! अरे, माझे बाबा नावाच्या बाबतीत मोठेपणा दाखवणारे होते का? शेजाऱ्याच्या लग्नपत्रिकेत ‘गायक कुशाबा गमरे’ हे बारीक अक्षरात छापलं म्हणून ते जेवायला गेले नव्हते. स्टेजवरच्या बॅनरवर नाव खाली आलं तर टेबल ओढून स्वतः बॅनर वर बांधायचे. ते म्हणतात नाव नको? त्याचा अर्थ एकच. ते गाणं त्यांना इतकं लागलं की त्याखाली स्वतःचं नाव बघवेना. तू न सांगता त्यांच्या मनातलं लिहून गेलास.

गाणं काढ किंवा ठेव, तुझा अल्बम आहे. मी तुझ्या पहिल्या कामात खोडा घालणार नाही. मला एकच गोष्ट हवी आहे. त्या दिवशी बाबा काय म्हणाले, शब्दाला शब्द सांग. माझ्यावर त्यांचा राग होता का? असला तर होता म्हण. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, सहन करीन. माहीत नसणं मात्र आता सहन होत नाही.

नम्रता


लालबाग
९ मार्च २०२५

प्रिय नम्रताताई,
जय भीम.

तुमचं पत्र वाचलं आणि बॅनरच्या गोष्टीवर मी आधी हसलो आणि मग घाम फुटला. खरंच की! दादा आणि नाव नको म्हणणार? इतकी वर्षं मला हे सुचलं कसं नाही? आपल्याला मोकळं केलं या खुशीत मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

आधी पाखराचा निकाल लावतो. ते पाखरू म्हणजे आमचा मोठा भाऊ विकास. पार्टीत ढोलकी त्याची. परळच्या स्पर्धेला आठवडा असताना ढोलकी खुंटीला टांगून हा कुवेतला गाडी चालवायला गेला. आई दारात दिवा लावून बसायची, तो तिचा दिवा. मी रागानं गाणं बांधलं. आता तो परत आलाय, आणि अल्बममध्ये त्या गाण्याला ढोलकी त्यानंच वाजवलीय. त्याला माहीत नव्हतं कुणावर आहे. दादरच्या स्टुडिओत वाजवून झाल्यावर घाम पुसत मला म्हणतो, ‘कोण रे हा हलकट? घरच्यांना सोडून जातो!’ तुम्हीच सांगा ताई, त्याला खरं कसं सांगणार होतो? म्हणून मागच्या पत्रात लपवलं.

आता दादांचं. त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि जगदीशकाका. दादांनी ‘नाव नको’ म्हटलं आणि मला खाली चहा आणायला पाठवलं. मी खुशीत गेलो. मागे काय बोलणं झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तुमचं पत्र घेऊन मी काकांकडे गेलो. ते गॅलरीत बोंबील निवडत बसले होते. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

‘अरे येड्या, तुला मोकळं वगैरे काय केलं नाय त्यानं. तू चहाला गेलास तसा मला बोलला, जग्या, पोरानं गाणं झकास बांधलंय. पण माझं नाव नको त्यात. उद्या कुठं वाजलं नि नम्रतानं ऐकलं तर तिला वाटंल, बापानं एवढी वर्षं पोटात ठेवलं. मी काय ठेवलेलं नाय. ज्या गोष्टीचा मला राग नाय ती माझ्या नावावर कशाला?’

मी विचारलं, मग पेटी पुसत का बसले? एक शब्द का बोलले नाहीत? काका म्हणाले, ‘तो बोलला नाय? अरे, तो थांबलाच कधी? त्या साली जयंतीला मांडव भरला होता. दुसरा आवाज नाय. कुशा उभा राहिला, माईक हातात घेतला नि बोलला, आज माझ्या बाजूची जागा रिकामी आहे, कारण माझी मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली. ही जागा रिकामी राहावी म्हणूनच मी गात आलो. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. बस, त्याला चटकच लागली. वर्षभर प्रत्येक कार्यक्रमात, नायगाव म्हणू नको, वरळी म्हणू नको, आधी मुलगी नर्स, मग गाणं. शेवटी मीच सांगितलं, कुशा, पब्लिकला पाठ झालंय, आता गा.’

मग तिला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर काका हातातला बोंबील खाली ठेवून म्हणाले, ‘आम्ही माणसं माईकवर बोलतो रे. घरात आम्हाला बोलता येत नाय. त्याला वाटलं असंल, सगळ्या मुंबईला सांगितलं म्हंजे तिला पोचलंच.’

ताई, मीही तेव्हा मांडवात पुढे बसलेला असणार. काकांनी सांगितल्यावर मलाही आठवलं. आम्ही पोरं दादांची नक्कल करायचो, ‘माझी मुलगी सरकारी दवाखान्यात...’ आणि तुम्हाला लिहिताना मला ते सुचलं नाही, कारण मला वाटायचं, तुम्हाला माहीतच असणार.

जे होऊ नये म्हणून दादांनी नाव नाकारलं तेच मी करून बसलो. हात जोडून माफी मागतो.

तुमचा,
भूषण


नागपूर
१६ मार्च २०२५

प्रिय भूषण,

पत्र वॉर्डात फोडलं ही चूक झाली. वाचून मी लिननच्या खोलीत जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. आरोही शोधत आली, तिला वाटलं कुणी वारलं. मी म्हटलं, नाही गं, उलटं झालंय.

रागही आला, लपवत नाही. बाबांवर आला. वरळी, नायगाव सगळीकडे सांगत फिरले आणि मला फोनवर विचारायचे काय, तर तिकडे ऊन किती आहे! मी दर वेळी आकडा सांगायचे आणि मनात म्हणायचे, अजून राग गेलेला नाही. त्यामुळे सुट्टी असूनही किती वेळा मुंबईला आले नाही. आले तरी दोन दिवसांत पळाले. ही वर्षं आता कुठून आणायची?

पण भूषण, राग पाण्यावरच्या फेसासारखा आहे. खाली नुसतं मोकळं वाटतंय. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यावर माणूस आधी दगड कुठे गेला म्हणून बघतं, तसं मी दिवसभर करते आहे. कॅन्टीनमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले. मला इतकी भूक लागते हेच विसरले होते.

माफी वगैरे मागू नकोस. तू नाव घातलं नसतंस तर मी पत्र लिहिलं नसतं, आणि जगदीशकाका हे सगळं पोटात घेऊन बोंबील निवडत राहिले असते.

गाणं काढायचं नाही. चांगलं आहे, आणि आता ते माझ्यावर नाही म्हटल्यावर मला आवडायला लागलंय. फक्त शेवटच्या कडव्यातून बाबांचं नाव काढ. त्यांनी नको म्हटलं होतं, तेवढं ऐक. तुझं घाल. ज्याचा राग त्याचं नाव. आणि विकासला खरं सांग. घरात न बोलण्याचा आजार आपल्याकडे पुरेसा झाला.

नम्रताताई


लालबाग
३० मार्च २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

सांगितलं विकासला. जेवताना सांगितलं, म्हणजे हातात काही मारायला नसेल असा हिशोब. त्यानं आमटीची वाटी ओरपून खाली ठेवली. मग म्हणाला, ‘म्हणजे तो हलकट मी?’ मी म्हटलं, हो. ‘आणि तू माझ्याचकडून ढोलकी वाजवून घेतलीस?’ मी म्हटलं, हो. तो आईकडे वळला आणि विचारलं, ‘तू खरंच दिवा लावून बसायचीस?’ आई म्हणाली, ‘मग काय तर, लाइट गेली होती का?’ मग तो उठला, आईच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून रडला. एवढा घोडा. आई म्हणत होती, ‘अरे, खरकटा हात लागेल.’

दुसऱ्या दिवशी तोच स्टुडिओत जायची घाई करायला लागला. शेवटचं कडवं परत गायलो. ‘भूषण म्हणे, उडालं पाखरू घराची सय करंना.’ विकासचं म्हणणं, ढोलकीही परत हवी, कारण आधी त्यानं दुसऱ्या कुणाला तरी शिव्या देत वाजवली होती. आताची जास्त हळू आहे, जास्त चांगली आहे. जुनं गाणं सगळीकडून उतरवलं, नवं चढवलं.

अल्बमची सुरुवात मात्र मी दादांच्या नावानं करणार आहे. गाण्यात नाही, माईकवर. कार्यक्रमात पहिल्यांदा काय बोलायचं ते तुम्हाला माहीतच आहे. पब्लिकला पाठ आहे, पण ज्यांच्यासाठी होतं त्यांनी अजून ऐकलेलं नाही. त्या दिवशी पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो. आलात तर बसा, नाही आलात तरी ती कुणाला देणार नाही.

भूषण


नागपूर
२० एप्रिल २०२५

प्रिय भूषण,
जय भीम.

सुखरूप पोचले. तुझ्या आईनं दिलेला सुका जवळा डब्यात इतका घट्ट बांधला होता तरी अख्ख्या बोगीला कळलं. आजूबाजूच्यांनी दोन स्टेशनं नाक दाबलं, तिसऱ्या स्टेशनाला एकीनं रेसिपी विचारली.

तू माईकवर ते वाक्य म्हणालास तेव्हा मी मान खाली घातली होती, तुला वाटलं असेल रडते आहे. रडत नव्हते. आजूबाजूच्या बायका तुझ्या बरोबरीनं ते म्हणत होत्या, ‘माझी मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून...’ अगदी बाबांसारखा हेल काढून! एक म्हातारी माझ्या दंडाला धरून म्हणाली, ‘तूच काय गं ती? आम्हाला किती छळलं होतं तुझ्या बापानं!’ मला हसू आवरेना. मैदानभर लोकांना माझी नोकरी लागल्याची बातमी होती, एक मीच ती ऐकायची राहिले होते.

गाणी सगळी ऐकली. काही जास्त लांबली आहेत, पुढच्या वेळी कडवी कमी कर. आपल्या जिन्याच्या पायऱ्यांवरचं गाणं उत्तम. तुला गप्प बसवलं होतं, ती माझी गाण्यातली समज होती असं आता म्हणायला तोंड नाही. विकासला सांग, त्याची ढोलकी मला इथेही ऐकू येते.

काल ड्युटीवर एका आजोबांचं बीपी घेताना ते अचानक म्हणाले, ‘सिस्टर, तुमचे वडील काय करायचे?’ असं कुणी विचारलं की मी ‘मुंबईला असायचे’ म्हणून विषय बदलायचे. काल मी खुर्ची ओढली आणि बसले. गायचे, म्हटलं. नावाचे भारी हौशी होते, म्हटलं. बॅनर बांधायची गोष्ट सांगितली, आजोबा इतके हसले की बीपी परत घ्यावं लागलं. बाकीचे पेशंटही ऐकत होते. राउंडला डॉक्टर आले तरी मी थांबले नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं, बाबा गेल्यापासून मला त्यांची आठवण आली नव्हती. आठवण यायच्या आधी दर वेळी भीती यायची, आणि ती दारातच उभी असायची. आता ती नाही. आता बाबा नाहीत याचं नुसतं वाईट वाटतं, भूषण, आणि तसं वाटू शकतंय म्हणून किती बरं वाटतंय.

तुझी,
नम्रताताई